गाव सांगितले, खोली सांगितली नाही

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्या पडवीत चपलांची गर्दी होते. पूर्वी निकाल पाहण्यासाठी शहरातून येणाऱ्या पहिल्या एस. टी.ची वाट पाहावी लागे. आता तो मोबाईलवर क्षणात दिसतो. पण निकालानंतरचा प्रश्न मोबाईल सोडवत नाही, म्हणून माणसे येतात. कुणाच्या हातात गुणपत्रिका असते, कुणाच्या हातात अर्ज. पोरगा किंवा पोरगी दाराशी टेकून उभी असते आणि बापच बोलत असतो. पंचवीस वर्षांपूर्वी बाप विचारायचा, ‘सर, पोराला शिकवू काय?’ आता तो प्रश्न राहिला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. आता विचारतो, ‘सर, पोराला ठेवायचं कुठं?’

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. कोणत्या विषयाला जायचे, याची चर्चा घरात, शाळेत, नातेवाइकांत महिनाभर होते. कोणत्या शहरात जायचे, यावर समितीच्या बैठकीतही बोलणे होते. पण त्या शहरात मूल कुठल्या छपराखाली झोपणार, कुणाबरोबर जेवणार आणि रात्री ताप आला तर कुणाला हाक मारणार, याचा विचार आपण प्रवेश झाल्यावर करतो. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ही चूक आम्हीही केली आहे. ती आधी सांगतो आणि मग पुढचे लिहितो.

एका चुकीची हकिगत

काही वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतून गेलेली, खानापूर तालुक्यातील एक हुशार मुलगी बी. एस्सी. झाली. पुढच्या शिक्षणासाठी तिला इकडच्या एका विद्यापीठात जागा मिळत होती. वसतिगृहाच्या यादीतही तिचे नाव लागले होते. वडील आमच्याकडे विचारायला आले. आम्ही ठामपणे सांगितले, ‘तिकडं सगळा कन्नड कारभार. पोरगी कोमेजून जाईल. महाराष्ट्रात पाठवा, आपल्या भाषेत राहील.’ आमच्या शब्दाला गावात किंमत होती. वडिलांनी इकडची जागा सोडली.

पलीकडच्या शहरात तिला प्रवेश मिळाला. पण वसतिगृहाचा अर्ज वेगळा करायचा असतो आणि त्याची मुदत वेगळी असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते, मग तिला कोण सांगणार? खोल्या भरून गेल्या होत्या. शेवटी महाविद्यालयापासून लांब, एका अंधाऱ्या बोळात, तिघींत मिळून एक खोली घेतली. डिपॉझिट, भाडे, डबा, रिक्षा असा खर्च वाढत गेला. दुसऱ्या वर्षी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले. प्रयोगशाळेतून परतायला उशीर झाला की त्या बोळातून एकटीने चालत जावे लागे, आणि मराठी वातावरण त्या बोळात काही उपयोगाचे नव्हते. तिचे एक वर्ष वाया गेले. पुढे तिने जिद्दीने शिक्षण पुरे केले, हे तिचे श्रेय, आमचे नव्हे.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आली तेव्हा आम्ही विचारले, ‘त्रास फार झाला का गं?’ ती हसली आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही गाव सांगितलासा. खोली नाही सांगितलासा.’

ते वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. भाषेच्या लढ्यात आयुष्याची चाळीस वर्षे घातलेल्या आमच्यासारख्या माणसाने एका मुलीचे भवितव्य ठरवताना नकाशा पाहिला, तिची खोली पाहिली नाही. हा लेख त्या वाक्याला दिलेले उत्तर समजावे.

वर्ग पाच तासांचा, वसतिगृह उरलेल्या दिवसाचे

आमच्या मुलाच्या बाबतीत राहण्याचा प्रश्न भाषेशी कसा जोडलेला आहे, ते आधी नीट पाहू. राज्यघटनेच्या कलम ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करावी असे म्हटले आहे. १९५६ साली, म्हणजे आपला भाग ज्या वर्षी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला त्याच वर्षी, हे कलम घटनेत आले. पण ते प्राथमिक शिक्षणापुरते आहे. माध्यमिक शाळेपर्यंत आपण संस्थांच्या बळावर मुलाला मराठीच्या सावलीत ठेवतो. त्यानंतर ते मूल ज्या दिवशी ट्रंक घेऊन वसतिगृहाच्या पायऱ्या चढते, त्या दिवशी ती सावली संपते. तेव्हा त्याचे वय अवघे सतरा-अठरा असते.

वर्ग पाच-सहा तासांचा असतो आणि तिथली भाषा बहुधा इंग्रजी. उरलेले अठरा तास वसतिगृहाचे. नळावर नंबर लावताना, मेसमध्ये ताट घेऊन उभे असताना, रात्री दिवे गेल्यावर व्हरांड्यात बसल्यावर जी भाषा बोलली जाते तीच त्या मुलाच्या जगण्याची भाषा होते. शिक्षणशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते की भाषा पाठांतराने कमी आणि संगतीने अधिक येते. तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्यावर ते खरे असल्याचे पटले.

म्हणून पालकांना भीती वाटते, आणि ती खोटी नाही. शाळेत कन्नड विषय असला तरी पेपरातले कन्नड वेगळे आणि रायचूर-कलबुर्गीकडच्या खोलीतल्या साथीदाराचे कन्नड वेगळे. सूचनाफलक वाचता येत नाही, रेक्टर काय म्हणाले ते अर्धेच कळते. वर्गात पहिला येणारा मुलगा पहिल्या सहामाहीत मुका झालेला आम्ही पाहिला आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपण बैठकीत सांगत नाही. आमचा मुलगा पुण्याला जातो आणि सहज बोलून जातो, ‘काय करूलालास?’ खोलीतली मुले हसतात. ‘तू कन्नड आहेस का?’ असे विचारतात. इकडे ज्याला मराठी म्हणून वेगळे काढले जाते त्याला तिकडे बोलीवरून कानडी ठरवले जाते. ज्या भाषेसाठी त्याच्या आजोबांनी लाठ्या खाल्ल्या त्याच भाषेच्या गावात तो चार महिने तोंड उघडायला भितो. तेव्हा ‘महाराष्ट्रात गेला की आपल्यात गेला’ हे समीकरण इतके सरळ नाही. मूल तिथेही नव्याने रुजावे लागते, आणि रुजण्याची जागा म्हणजे वसतिगृहाची खोली.

शाहू महाराजांनी हा प्रश्न सोडवला होता

आपल्यात राहावे की सर्वांत मिसळून राहावे, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढे १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी रांगच लागली. महाराजांनी जातवार बोर्डिंगे का काढली, असा आक्षेप आजही घेतला जातो. उत्तर साधे आहे. खेड्यातला पोरगा शहरात शिकायला आला तर त्याला राहायला आणि जेवायला दार उघडे नव्हते. आधी पाय टेकायला जागा हवी होती, ती त्यांनी ज्याच्या त्याच्या माणसांत करून दिली.

त्यापैकी जैन बोर्डिंगात राहिलेला एक विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. पहिली पायरी शाहू महाराजांची, दुसरी कर्मवीरांची. एकीशिवाय दुसरी उभी राहिली नसती.

आमच्या मते सीमाभागातल्या मुलालाही याच दोन पायऱ्या लागू पडतात. बारावीनंतर घर सोडणारे, कधी तालुक्याबाहेर न राहिलेले मूल असेल तर पहिली एक-दोन वर्षे आपल्या माणसांच्या जवळ राहण्याची सोय पाहावी. तीन वर्षे बाहेर काढलेला पदवीधर असेल तर त्याने मिसळून राहावे, नवी भाषा कानावर पडू द्यावी. सर्वांना एकच माप लावले की आमच्यासारखी चूक होते.

कोणत्या गावात काय मिळते

आता एकेक ठिकाण पाहू. बेळगावपासून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आणि धारवाड सुमारे ७५ किलोमीटर. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, म्हणजे अंगणातच. खानापूरकरांना मात्र लोंढ्यावरून जाणारी रेल्वे धरली तर धारवाड जवळ. ‘सीमाभाग’ असा एकच शब्द आपण वापरतो, पण प्रत्येक गावाचे जवळ-दूर वेगळे आहे.

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा, मराठी ग्रंथांनी भरलेले ग्रंथालय आणि हाताला काम देऊन शिकवणारी ‘कमवा आणि शिका’ योजना ही त्याची मोठी जमेची बाजू. कला, वाणिज्य, सामाजिक शास्त्रे किंवा मराठी विषय घेणाऱ्याने हे ठिकाण प्रथम पाहावे. अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातील उमेदवारांचा वेगळा प्रकार आहे आणि महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी मुलांना त्याचा विचार करता येतो. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणून कोणते दाखले लागतात ते वाचावे. मात्र प्रवेश म्हणजे खोली नव्हे. वर्गातली जागा एक अर्ज देतो, वसतिगृहातली जागा दुसरा. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या समाजकल्याण वसतिगृहांना त्या राज्याचा रहिवासी दाखला लागतो. आमच्या गावांवर दावा असला तरी दाखला दाव्यावर मिळत नाही, याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन झाले आणि १९५० मध्ये धारवाडला आले. विज्ञान विषयांसाठी सीमाभागातली मुले पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात आली आहेत. इकडच्या राज्यातील जात व उत्पन्नाचे दाखले तिथे चालतात, मागासवर्गीय व इतर खात्यांच्या वसतिगृहांचे दार उघडे असते. मुलींच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राज्याच्या साध्या बसमधून महिलांना मोफत प्रवास आहे. महाराष्ट्राच्या एस. टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पण ते त्या राज्याच्या हद्दीत. महिन्यातून दोनदा घरी येणाऱ्या मुलीच्या बापाला हा फरक वर्षअखेरीस जाणवतो. कुणी म्हणेल, भाषेच्या प्रश्नात तिकिटाचा हिशेब कशाला? ज्याच्या घरात दोन मुली शिकतात त्याला विचारा.

बेळगावला २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. त्यामुळे घरून जाऊन-येऊन शिकण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. हाही राहण्याचाच एक पर्याय आहे आणि तो कमी लेखू नये. पण दोन बस बदलून रोज चार तास प्रवासात जाणार असतील तर मूल अभ्यास कधी करणार? घरी राहते म्हणून म्हशीची धार, शेतावरचा डबा आणि लहान भावंडांची शिकवणी तिच्याच गळ्यात पडते. शिकणाऱ्या मुलीला घर कधी कधी वसतिगृहापेक्षा महाग पडते, असे आम्ही अनुभवाने म्हणतो.

गोवा विद्यापीठ १९८५ सालचे, ताळगावच्या पठारावर. मराठी विभाग तिथेही आहे. ज्यांचे नातेवाईक गोव्यात नोकरीला आहेत अशा खानापूर-चंदगड पट्ट्यातील घरांनी ते जरूर पाहावे. पुण्याबद्दल काय सांगावे? स्पर्धा परीक्षेच्या ओढीने तिकडे गेलेली मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात, म्हणजे खोली नव्हे, एका खाटेपुरती जागा भाड्याने घेतात. तीन-तीन वर्षे त्या खाटेवर काढणाऱ्यांनी घरी खरा खर्च कळवावा आणि मुदत ठरवून जावे, एवढेच सांगणे.

खानावळीची पाटी

धारवाडला गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास दिसते. बाजारपेठेत फिरताना पाट्या दिसतात, अक्षरे कन्नड, पण शब्द वाचून घेतला तर निघतो ‘खानावळी’. आपलीच खानावळ. आत गेले की जोंधळ्याची भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, भरले वांगे. म्हणजे जेवणात आणि त्याच्या नावात हद्द कधी नव्हतीच. नव्या मुलाला घेऊन गेल्यावर आम्ही त्याला आधी ही पाटी दाखवतो. अर्धी भीती तिथेच जाते.

धारवाडला राहिले की मराठी सुटते, असे म्हणणाऱ्यांनी जी. ए. कुलकर्णी यांना आठवावे. बेळगावात वाढलेल्या आणि शिकलेल्या या माणसाने धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला आणि तिथे बसून मराठी कथा अशा उंचीवर नेली की पुण्या-मुंबईने मान खाली घालून वाचावी. ‘काजळमाया’ला १९७३ साली साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते धारवाडकरच होते. आणि याच धारवाडचे थोर कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जाई. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. पुण्यात शिकून त्यांचे कन्नड सुटले नाही आणि धारवाडात राहून जी. एं.चे मराठी सुटले नाही.

याचा अर्थ आमचा हक्काचा लढा संपला असा कुणी घेऊ नये. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. परिपत्रके मराठीत मिळावीत ही मागणी आम्ही सोडलेली नाही. पण तो लढा मोठ्या माणसांचा आहे. तो सतरा वर्षांच्या पोरीच्या वळकटीत बांधून देऊ नये. ती वसतिगृहात शिकायला जाते. शिकून, दोन्ही भाषांतले कागद वाचून उद्या ती आमच्यापेक्षा चांगला लढेल. आज नाडकचेरीत कन्नड अर्ज भरायला आपले किती लोक दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात, हे कुणाला ठाऊक नाही? धारवाडच्या वसतिगृहात पाच वर्षे काढलेला आमच्या गावचा एक मुलगा सुट्टीत आला की मंदिराच्या कट्ट्यावर बसून साऱ्या गावाचे कागद वाचून देतो. घरी तो मराठीच बोलतो, आणि वाचनालयात सर्वांत जास्त पुस्तके त्याच्याच नावावर आहेत.

वसतिगृह पाहताना काय पाहावे

प्रवेश घेण्याआधी एकदा स्वतः जाऊन वसतिगृह पाहावे आणि मुलाला बरोबर न्यावे. कार्यालयातल्या माणसापेक्षा तिथे राहणाऱ्या मुलांशी बोलावे. पाणी किती वेळ येते, संडास किती मुलांत किती, वाचनखोली रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, जवळचा दवाखाना कुठे, बसथांबा किती लांब आणि त्या वाटेवर दिवे आहेत की नाहीत, हे विचारावे. मुलींच्या वसतिगृहात परतण्याची वेळ काय आहे ते विचारावे आणि प्रयोगशाळेची वेळ तिच्याशी जुळते का ते पाहावे.

मेसची पद्धत समजून घ्यावी. काही ठिकाणी महिन्याची रक्कम ठरलेली असते. काही ठिकाणी ‘डिव्हायडिंग’ असते, म्हणजे महिन्याचा एकूण खर्च जेवणाऱ्यांत वाटला जातो. त्यात बिल कमी-जास्त होते, आणि सुट्टीवर जाताना आधी लिहून दिले नाही तर न खाल्लेल्या जेवणाचेही पैसे पडतात. ही गोष्ट पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक मुलगा पैसे घालवून शिकतो.

कागदपत्रांचा वेगळा संच करावा. मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जात व उत्पन्नाचे दाखले, आधार, फोटो. एका राज्यातून दुसऱ्यात जायचे असेल तर मायग्रेशनचा दाखला. नाडकचेरीतून मिळणारे दाखले कन्नडमध्ये असतात. ते सीमेपलीकडे द्यायचे असतील तर भाषांतराची सोय आधी करून ठेवावी, शेवटच्या दिवशी धावपळ नको. वसतिगृहात बहुधा स्थानिक पालकाचे नाव व सही मागतात. परक्या शहरात ओळखीचे कुणी नसेल तर इथेच अर्ज अडतो.

रॅगिंगची भीती अनेक आया बोलून दाखवत नाहीत, पण ती मनात असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ सालचे नियम आहेत. त्यांनुसार नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवायचे असते आणि विद्यार्थी व पालक दोघांकडूनही लेखी हमी घेतली जाते. पालकांनी हमीवर सही करताना हेही विचारावे की आमच्या मुलाची खोली कोणत्या इमारतीत आहे. भाषेवरून चिडवणे, गाणे म्हणायला किंवा घोषणा द्यायला लावणे हाही छळच आहे. तो सोसू नये आणि त्याला उत्तर म्हणून हाणामारीही करू नये. लेखी तक्रार करावी.

आता खोलीच्या साथीदारांबद्दल. आपल्याकडची चार मुले एकाच गावची असली की चौघांना एकाच खोलीत हवे असते. आई-बापांनाही तेच बरे वाटते. पण मग होते असे की एकाला घरची आठवण आली की चौघेही शनिवारी गावची गाडी पकडतात. सहा महिन्यांनी ती खोली म्हणजे गावाचा एक तुकडाच होतो. गावची भांडणेही तिथे येतात. आमचे मत असे की खोलीत दोन आपले असावेत, दोन बाहेरचे. आपले कुणी नसेल तर मूल एकटे पडते, आणि सगळेच आपले असतील तर ते बाहेर पडतच नाही.

आणि मराठी? ती खोलीत ठेवता येते. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात मुलांबरोबर राहत आणि ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित काढत. त्याला छापखाना लागला नाही, फक्त कागद आणि शाई लागली. आमच्या मुलांनी बॅगेत चार मराठी पुस्तके न्यावीत, आठवड्यातून एकदा घरी मराठीत पत्र किंवा निदान मोबाईलवर देवनागरीत चार ओळी लिहाव्यात, जमल्यास वसतिगृहात एखादे भित्तिपत्रक काढावे. ते वाचायला शेजारच्या खोलीतला कन्नड मुलगा थांबला तर त्यालाही लिहायला सांगावे.

समितीने आता हे करावे

सूचना पालकांना दिल्या, आता स्वतःला देतो. आपल्या समित्या मोर्चे काढतात, निवेदने देतात, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. ते सारे चालू राहील. पण जून-जुलैत मुलांसाठी आपण काय करतो? प्रत्येक गावच्या शाळेत निकालानंतरचे दोन रविवार अर्ज भरण्यासाठी बसायला हवे. कन्नड वाचणारा एक, संगणक जाणणारा एक आणि पूर्वी वसतिगृहात राहून आलेले दोघे, एवढी माणसे पुरतात. कोल्हापूर, धारवाड आणि पणजी येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या घरांची यादी करून, स्थानिक पालक म्हणून सही करायला कोण तयार आहे ते विचारून ठेवायला हवे. ज्या घराने सही केली त्याने महिन्यातून एकदा त्या मुलाला जेवायला बोलवावे. त्या एका जेवणाने मुलाला शहर परके वाटेनासे होते.

आणि मुलाला काय हवे ते त्यालाच विचारावे. पडवीत दाराशी टेकून उभे राहिलेले ते मूल बोलत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. यंदापासून आम्ही बापाला बाहेर चहा देतो आणि आधी मुलाशी बोलतो.

या कामासाठी आम्ही शाळेत एक वही केली आहे, साधी दोनशे पानी. सीमाभागाबाहेर राहून शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यात एक पान लिहायचे. वसतिगृहाचे नाव, अर्जाची मुदत, मेसची पद्धत, रात्रीच्या वाटेवरचे दिवे, कुणाची मदत झाली, काय चुकले. गावाचे नाव वर आणि खोलीची हकिगत खाली. पहिले पान कुणी लिहावे, हे आम्हाला फार शोधावे लागले नाही. पेढे घेऊन आलेल्या त्या मुलीलाच निरोप धाडला. तिने येऊन दोन पाने भरून लिहिले, आणि तिच्या धाकट्या भावाने यंदा ती वही वाचूनच अर्ज भरला आहे, वसतिगृहाचा आधी आणि वर्गाचा नंतर.

ज्या पालकांना वही पाहायची असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी शाळेत यावे. येताना मुलाला बरोबर आणावे.